दयानंद, गृह आधार आणि २०२७ : सभेत उमेदवाराला नेमकं काय विचारायचं?

वाळपईकर

गोवा विधानसभेची मुदत मार्च २०२७ मध्ये संपते. कोपरा सभांचा हंगाम आला की वाड्यावर येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराच्या हातात एक पान द्यायचं ठरतंय, पक्ष कुठलाही असो, पान तेच. रस्ता, नळाचं पाणी, खाणी यावरचे प्रश्न लिहून झाले. गाडी अडली आहे ती सामाजिक योजनांवर.

'रक्कम वाढवणार का?' असं विचारलं की समोरचा 'होय तर!' म्हणतो, टाळ्या पडतात, गाडी पुढच्या वाड्यावर. गेल्या खेपेला एका पक्षाने ५,००० म्हटलं, दुसऱ्याने २,५००, तिसऱ्याने ३,०००. आम्हाला असे प्रश्न हवेत की नुसतं 'होय' म्हणून सुटता येऊ नये.

म्हणून जाणकारांना विचारतो. दयानंद (राज्याची पेन्शन) आणि गृह आधार (गृहिणींना महिन्याची मदत) यांत लोक खरे कुठे अडतात? आश्वासनाचा खर्च साध्या मतदाराने घरबसल्या कसा काढायचा? 'त्याला मत दिलं नाहीत तर पेन्शन जाईल' असं दर निवडणुकीत कानावर येतं, त्यात तथ्य किती? आणि ज्यांचा अर्ज राहिलाय त्यांनी आत्ता भरावा की निवडणूक होऊ द्यावी?

दाखलेवाला

वाळपईकरबाब, रकमेचा प्रश्न पानाच्या तळाला टाका. आधी अट विचारा. माणूस रकमेवर अडत नाही, अटीवर अडतो.

दयानंद सामाजिक सुरक्षा योजना घ्या. ज्येष्ठांसाठी वय ६० पूर्ण, गोव्यात १५ वर्षं वास्तव्य, आणि स्वतःचं वार्षिक उत्पन्न योजनेतून वर्षाला मिळणाऱ्या रकमेपेक्षा कमी. दरमहा २,००० धरले तर मर्यादा आली २४,००० रुपये. आता दोन शेजारी धरा, दोघेही खासगी कारखान्यातून निवृत्त. एकाला भविष्य निर्वाह निधीची पेन्शन महिना १,९००, वर्षाचे २२,८००. तो बसतो. दुसऱ्याला महिना २,१००, वर्षाचे २५,२००. तो बाद. पहिल्याच्या घरात महिन्याला ३,९०० येतात, दुसऱ्याच्या घरात २,१००. दोनशे रुपये जास्त मिळाले म्हणून अठराशेचा फटका. म्हणून प्रश्न असा घाला: 'मर्यादा किती करणार, आणि मर्यादेच्या थोडं वर असणाऱ्याला निदान फरकाची रक्कम देणार का?' याला 'होय' म्हणायचं तर आकडा सांगावा लागतो.

गृह आधारचं दुखणं वेगळं. २०१२ साली योजना आली ती महागाईला तोंड द्यायला म्हणून. रक्कम १,००० वरून १,२०० आणि पुढे १,५०० झाली, पण नवरा-बायकोचं मिळून वर्षाला ३ लाख ही मर्यादा मात्र जागची हलली नाही. नवरा वेर्ण्याच्या कारखान्यात १६,००० वर, बायको दुकानात १०,००० वर. महिन्याचे २६,०००, वर्षाचे ३,१२,०००. बाद. म्हणजे तिने नोकरी धरली तर १,५०० गेले, सोडली तर १०,००० गेले. मग तिसरा रस्ता निघतो: तिची कमाई दाखल्यात दाखवायचीच नाही. मामलेदाराचा उत्पन्नाचा दाखला बहुतेक वेळा अर्जदाराच्या घोषणेवर आणि तलाठ्याच्या अहवालावर उभा असतो, त्यामुळे हे खपूनही जातं. मात्र पुढे नोंदींचा ताळा जुळला नाही की वसुलीची नोटीस येते, ती एका हप्त्याची नसते, पहिल्या महिन्यापासूनची असते. अशा वसुल्या झालेल्या आहेत.

तिसरी जागा कुणी बोलत नाही ती. गृह आधार आणि दयानंद एकदम मिळत नाहीत. बाई साठीची झाली की तिने महिला आणि बालविकास खात्याकडची योजना बंद करून समाजकल्याण खात्याकडे दयानंदसाठी जायचं. दोन खाती, दोन फायली. एक बंद व्हायला वेळ लागत नाही, दुसरी सुरू व्हायला लागतो, आणि मधले महिने कोरडे जातात. खरं तर वयाची तारीख सरकारला पहिल्या अर्जापासून ठाऊक असते. तेव्हा 'साठाव्या वाढदिवसाच्या महिन्यात एक योजना आपोआप संपून दुसरी सुरू होईल, अशी तरतूद करणार का?' हा प्रश्न जरूर घ्या. यात फुकटखाऊपणाचा आरोपही कुणी करू शकत नाही, कारण दोन्ही योजनांना ती पात्रच असते.

कागदांत सगळ्यात जास्त फेऱ्या नावापायी होतात. जुन्या जन्मनोंदीत पोर्तुगीज वळणाचं स्पेलिंग: परब तिथे 'पोरोब', नाईक तिथे 'क्यू' अक्षर लावून. आधारवर इंग्रजी वळणाचं, पासबुकात तिसरंच. शिवाय बायकांचं माहेरचं आणि सासरचं नाव. अर्ज परत आल्यावर धावपळ करण्यापेक्षा 'ही सगळी नावं एकाच व्यक्तीची' असं प्रतिज्ञापत्र पहिल्याच खेपेला जोडा, आणि त्यात प्रत्येक कागदावरचं स्पेलिंग अक्षरशः जसंच्या तसं उतरवा. प्रतिज्ञापत्रातच चौथं स्पेलिंग घालणारे महाभाग असतात.

बजेटवाचक

खर्चाचं गणित सोपं आहे. एवढं पाठ करा: एक लाख माणसांना महिना १०० रुपये म्हणजे वर्षाला १२ कोटी. पुढे फक्त गुणाकार. दयानंद २,००० वरून ३,००० करतो म्हणाला, तर दर लाख लाभार्थ्यांमागे वर्षाला १२० कोटी वाढले.

पण या गुणाकारात एक खोच आहे, दाखलेवाल्यांनी वर लिहिलेल्या अटीतून येणारी. उत्पन्नाची मर्यादा रकमेलाच बांधलेली आहे. अटीचे शब्द तेच ठेवून रक्कम ३,००० केली की मर्यादा आपोआप ३६,००० होते, आणि आजवर बाद असलेला तो २,१०० वाला शेजारी आत येतो. म्हणजे रक्कमही वाढली आणि माणसंही वाढली. आजच्या यादीवर गुणाकार करून सांगितलेला खर्च हा कमीत कमी खर्च. अट बदलून मर्यादा २४,००० वरच गोठवली तर खर्च आटोक्यात राहील, पण मग तसं सभेत सांगावं लागेल. उमेदवाराला नेमकं इथेच पकडा: 'मर्यादा रकमेबरोबर वाढणार की नाही?'

गेल्या निवडणुकीतलं उदाहरण घेऊ. डिसेंबर २०२१ मध्ये तृणमूल काँग्रेसने प्रत्येक घरातल्या एका स्त्रीला दरमहा ५,००० देण्याची 'गृहलक्ष्मी' जाहीर केली, उत्पन्नाची अट न घालता. साडेतीन लाख कुटुंबं धरा. ५० गुणिले साडेतीन गुणिले १२, उत्तर २,१०० कोटी. तेव्हा राज्याचा अर्थसंकल्प साधारण २५ हजार कोटींचा, म्हणजे आठ टक्क्यांच्या वर एकाच योजनेत. आम आदमी पक्षाने गृह आधार २,५०० करण्याचं आणि ज्यांना तो मिळत नाही अशा १८ वर्षांवरच्या स्त्रियांना १,००० देण्याचं म्हटलं. भाजपच्या जाहीरनाम्यात दयानंद ३,००० आणि प्रत्येक कुटुंबाला वर्षाला तीन गॅस सिलिंडर मोफत होते. निकालात तृणमूलला शून्य जागा, आम आदमी पक्षाला दोन, भाजपला वीस. हे काही फक्त या आश्वासनांमुळे झालं नाही, पण मोठा आकडा म्हणजे मोठी मतं हे समीकरण गोव्यात तरी चाललं नाही.

सिलिंडरचं पुढे काय झालं ते पाहा, कारण त्यात तुमच्या पानासाठी उत्तम प्रश्न आहे. २०२३ मध्ये राज्याची मदत आली ती अंत्योदय (सर्वांत गरीब कुटुंबांच्या) शिधापत्रिकाधारकांना, महिना २७५ रुपये. जाहीरनाम्यात 'प्रत्येक कुटुंब', अधिसूचनेत 'अंत्योदय'. रक्कम जाहीरनाम्यात ठरते, माणसं अधिसूचनेत. म्हणून 'किती देणार' च्या आधी 'कोणाला देणार नाही' हे विचारा.

ज्यांना स्वतः तपासायचंय त्यांनी अर्थसंकल्पाच्या मागण्यांच्या पुस्तकात प्रधान शीर्ष २२३५ उघडावं, सामाजिक सुरक्षा आणि कल्याण. तीन रकाने महत्त्वाचे: अर्थसंकल्पी अंदाज, सुधारित अंदाज, प्रत्यक्ष खर्च. प्रत्यक्ष खर्च अंदाजापेक्षा बराच कमी दिसला तर पैसे होते, फायली हलल्या नाहीत. सुधारित अंदाज फुगलेला दिसला तर एकतर नवी भरती झाली, नाहीतर थकलेले हप्ते एकदम चुकते केले. प्रत्यक्ष खर्च दोन वर्षं मागचा असतो, त्यामुळे एका वर्षाचं पुस्तक घेऊन निष्कर्ष काढू नका, सलग तीन वर्षांची घ्या.

आणि कायद्याचा आधार हवा असेल तर: सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ च्या सुब्रमण्यम बालाजी निकालात जाहीरनाम्यातलं आश्वासन हा भ्रष्ट आचार नव्हे असं म्हटलं, पण निवडणूक आयोगाला मार्गदर्शक तत्त्वं करायला सांगितली. २०१४ पासून आचारसंहितेत जाहीरनाम्याचा वेगळा भाग आहे. आश्वासनामागचं कारण आणि पैसा साधारण कुठून येणार, हे दोन्ही जाहीरनाम्यात दिसलं पाहिजे. किती पक्ष ते गंभीरपणे करतात हा भाग निराळा, पण 'तुमच्या जाहीरनाम्याच्या कुठल्या पानावर आहे?' असं विचारायला कुणाची ना नसावी.

पेडणेकरीण

वरचे दोन्ही प्रतिसाद बिनचूक, पण रक्कम तळाला टाका हे पटत नाही. दयानंद २०१२ च्या निवडणुकीनंतर १,००० चे २,००० झाले. वर्षाला ५ टक्के महागाई धरली तर बारा वर्षांत त्या २,००० ची खरी किंमत १,११४ उरते. म्हणजे कागदावर काहीही न कापता जवळजवळ निम्मी पेन्शन कापली गेली. कुणाच्या सहीची गरज पडली नाही, कुणाला वाईटपणा आला नाही.

त्यात राजकारण्यांचा फायदा असा की दर पाच वर्षांनी वाढ 'द्यायला' मोकळे. खरं तर ती वाढ नसते, झिजलेलं भरून काढणं असतं. म्हणून मागणी वाढीची नको, बांधणीची हवी: 'दर १ एप्रिलला महागाई निर्देशांकाप्रमाणे रक्कम आपोआप वाढेल, असं योजनेच्या नियमांत लिहिणार का?' सरकारी नोकरांच्या महागाई भत्त्याला हे तत्त्व लागू आहेच. एकदा हे झालं की दर निवडणुकीतला लिलाव संपतो. बहुतेक उमेदवार याला बगल देतील, आणि का देतील ते उघड आहे.

दुसरं, पान कुठल्या निवडणुकीला वापरता ते पाहा. पंचायतीचा पंच वास्तव्याच्या कागदापुरता कामाचा, रक्कम त्याच्या हातात नाही. दयानंद, गृह आधार, लाडली लक्ष्मी हे सगळं राज्याचं, तिथे आमदार. केंद्राचा राष्ट्रीय सामाजिक सहाय्य कार्यक्रम १५ ऑगस्ट १९९५ पासून आहे, आणि त्यातली ६० ते ७९ वयोगटाची दारिद्र्यरेषेखालची वृद्धापकाळ पेन्शन केंद्राकडून अजून महिना २०० रुपये आहे, ८० नंतर ५००. दोनशे! हा प्रश्न आपल्या दोन खासदारांचा. विधानसभेच्या सभेत तो विचारला तर उमेदवार आनंदाने दिल्लीकडे बोट दाखवेल आणि तुमची पाच मिनिटं खाईल.

आणि 'रेवडी' हा शब्द पानावर कुठे येऊ देऊ नका. म्हातारपण, आजार, अपंगत्व यांत सरकारने मदत करावी हे संविधानाच्या कलम ४१ मध्ये आहे, राज्याच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. ही दुसरी अर्धी ओळ बजेटवाचकांसाठी.

बूथ_२७

पेन्शन जाण्याच्या भीतीबद्दल. यात खरं किती आणि हवा किती, ते वेगळं करून सांगतो.

ईव्हीएममुळे कुणी कुणाला मत दिलं हे कळत नाही. पण बूथनिहाय आकडे कळतात, फॉर्म २० मध्ये ते छापून येतात. गोव्यातले मतदारसंघ छोटे, २०२२ मध्ये सरासरी २९ हजारांच्या आसपास मतदार होते. त्यामुळे 'तुमच्या वाड्याने आम्हाला मत दिलं नाही' हे उमेदवार आकड्यानिशी सांगू शकतो, 'तू दिलं नाहीस' हे नाही. भीती जन्मते ती इथे. २०२२ मध्ये फोंड्याचा निकाल ७७ मतांनी लागला आणि सांत आंद्रेचा ७६ मतांनी. असा निसटता निकाल असला की एकेका वाड्यावर बोट ठेवलं जातं.

पण चालू पेन्शन बंद करायला योजनेच्या नियमांतलं कारण लागतं: मृत्यू, हयातीचा दाखला न देणं, उत्पन्न वाढणं, दुहेरी लाभ, राज्याबाहेर स्थलांतर. 'मत दिलं नाही' असं कलम नाही. बंद झालीच तर लेखी कारण मागा. तोंडी 'वरून थांबवलंय' हे कारण नव्हे. मतानंतर पेन्शन बंद पडली अशा तक्रारींत आधी हयातीचा दाखला पाहावा, तो देण्याची मुदत आणि मतदान जवळजवळ आलं की माणूस दोन्हींची सांगड घालतो.

धाक खरा कुठे बसतो? नव्या मंजुरीत. मंजुरीपत्र टपालाने घरी येण्याऐवजी आमदाराच्या हस्ते कार्यक्रमात वाटलं जातं, फोटोसकट. त्यामुळे हक्काची गोष्ट मेहेरबानीसारखी वाटू लागते. तेव्हा पानावर हा प्रश्न घ्या: 'मंजुरीपत्र टपालाने किंवा मोबाइलवर थेट पाठवणार, की कार्यक्रमासाठी थांबवणार?' उत्तर देताना चेहरा बघा.

अर्ज आत्ता की नंतर? आत्ता. आचारसंहिता लागली की ज्यांची पेन्शन चालू आहे त्यांचे हप्ते थांबत नाहीत, पण नव्या लाभार्थ्यांची मंजुरी थांबते. २०२२ मध्ये ८ जानेवारीला आचारसंहिता लागली, मतदान १४ फेब्रुवारी, मोजणी १० मार्च. म्हणजे दोन महिने गेले, वर नवं मंत्रिमंडळ बसेपर्यंतचा वेळ. पुढच्या खेपेलाही तसंच धरा आणि अर्ज २०२६ च्या पावसाळ्याआधीच आत जाईल असं पाहा.

एक इशारा. निवडणुकीआधी पक्षांचे कार्यकर्ते घरोघर 'नोंदणी' करतात, २०२१-२२ मध्ये तर कार्डंही वाटली गेली होती. निवडणूक आयोगाने २ मे २०२४ रोजी पक्षांना बजावलं आहे की निवडणुकीनंतरच्या लाभासाठी मतदारांची अशी नावनोंदणी थांबवा, ती लाचेच्या कलमात बसू शकते. त्या कार्डाला सरकारदरबारी शून्य किंमत. आधारची झेरॉक्स आणि पासबुकाचं पहिलं पान मात्र तुमच्या हातून गेलेलं असतं.

पासबुक

बँकेची बाजू राहिली. मंजूर होऊनही पैसे न येण्याची कारणं बहुतेक दोन. हप्ता खाते क्रमांकावर पाठवला जात असेल तर जुना आयएफएससी कोड: १ एप्रिल २०२० ला सिंडिकेट बँक कॅनरात आणि कॉर्पोरेशन बँक युनियनमध्ये विलीन झाली, गोव्यात दोन्हींच्या शाखा गावोगाव होत्या, आणि सरकारी खात्याच्या फायलीत जुनाच कोड राहिला की हप्ता परत जातो. आधारवर पाठवला जात असेल तर पैसे शेवटी ज्या खात्याला आधार जोडलं तिथे जातात. मुलाने आईचं दुसरीकडे नवं खातं उघडून आधार जोडलं, की आई जुनं पासबुक भरून घेत बसते आणि हप्ते तिकडे साचत असतात. बँकेत 'आधार कुठल्या खात्याला मॅप आहे?' एवढंच विचारा, लगेच सांगतात.

सभेसाठी प्रश्न: 'हप्ता महिन्याच्या कितव्या तारखेला?' सरकारी पगाराला तारीख असते, पेन्शनला 'येईल तेव्हा'. तीन महिन्यांचे ६,००० एकदम आले तरी औषधाच्या दुकानातली उधारी दर महिन्याचीच असते.

वाळपईकर

देव बरें करूं! पण पान एकच आहे आणि त्यातला अर्धा भाग रस्त्याने खाल्लाय. शिवाय उत्तरं पडताळायला आकडे कुठून आणायचे?

दाखलेवाला

मग चारच घ्या: मर्यादा किती, साठीला योजनाबदल आपोआप होणार का, वाढ निर्देशांकाला बांधणार का, हप्त्याची तारीख कोणती. रकमेचा प्रश्न पेडणेकरीणताईंनी जिंकला, तो तिसऱ्यात आला.

आकड्यांसाठी दोन वाटा. विद्यमान आमदाराचं काम बघायचं तर विधानसभेच्या संकेतस्थळावर तारांकित, अतारांकित प्रश्नांची उत्तरं असतात. त्याने पाच वर्षांत या योजनांवर किती प्रश्न विचारले ते मोजा. दुसरी वाट माहिती हक्काची: १० रुपये शुल्क, ३० दिवस. 'योजनेची माहिती द्या' असं लिहिलंत तर माहितीपत्रक येईल. असं लिहा: 'अमुक तारखेला सत्तरी तालुक्यातले प्रलंबित अर्ज, अर्ज आल्याच्या महिन्यानुसार, गेल्या बारा महिन्यांत बंद केलेली प्रकरणं, कारणांनुसार, आणि गेले बारा हप्ते प्रत्यक्ष कोणत्या तारखेला बँकेकडे पाठवले.' नावं मागू नका, खासगी माहिती म्हणून सगळाच अर्ज फेटाळायला निमित्त मिळतं.

बूथ_२७

छापण्याआधी एक गोष्ट. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७-क प्रमाणे निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांचं नाव-पत्ता लागतो. तुमचं पान प्रचाराचं नाही हे खरं, पण एखादा प्रश्न झोंबला की कुणीतरी तसं म्हणणारच. झेरॉक्स काढली म्हणून सुटका नाही, हाताने नक्कल सोडून कुठल्याही मार्गाने प्रती काढल्या तर कायदा त्याला छपाईच धरतो. तळाला दोन ओळी टाका. आणि उत्तरासाठी प्रत्येक प्रश्नाखाली जागा सोडून शेवटी उमेदवाराची सही आणि तारीख. सही केली नाही तर तिथे 'सही दिली नाही' असं लिहून ठेवा, सभेची तारीख घालून.